बुमराहला एक माप, स्मृतीला दुसरं

शनिवारी संध्याकाळी रोह्याला कुंडलिकेच्या काठावर आम्ही चार-पाच जण बसतो. मी आठवडाभर ऐरोलीला एका कंपनीत कोड लिहितो, पनवेलला भाड्याच्या खोलीत झोपतो आणि शनिवारी घरी येतो. एक मित्र धाटावच्या एमआयडीसीत शिफ्ट करतो, एक पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम बघतो, बाकीचे इथेच आहेत. वडापाव संपेपर्यंत नोकरीचं बोलणं होतं आणि मग क्रिकेट सुरू होतं.

त्या शनिवारी विषय निघाला हॉल ऑफ फेमचा. आज खेळत असलेल्या भारतीय खेळाडूंपैकी, उद्या सगळ्यांनी बॅट-बॉल खाली ठेवला तर, आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये कोण जाईल? अट एकच होती. ‘आवडतो म्हणून’ चालणार नाही, कारण द्यायचं. मोबाईलवर यादी सुरू झाली. विराट, रोहित, बुमराह, जडेजा. मग पंतवर भांडण, गिलवर जास्त भांडण. दहा मिनिटांनी मी म्हटलं, “स्मृती मानधना.”

क्षणभर कोणी बोललं नाही. मग धाटाववाला म्हणाला, “अरे, आपण क्रिकेटचं बोलतोय ना?” सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा हसलो. हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे, म्हणजे थोडा माझ्याविरुद्धही आहे.

आधी नियम बघू. हॉल ऑफ फेमची ही कल्पना मुळात अमेरिकेतली. कूपर्सटाउनला बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. तिथे किमान दहा हंगाम खेळलेलं असावं लागतं, निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि मग पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मतं मिळवावी लागतात. थांबण्याची अट इतकी पक्की आहे की ती मोडल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. रॉबर्टो क्लेमेंटे भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला विमान अपघातात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याला आत घेतलं गेलं.

आयसीसीचं हॉल ऑफ फेम २००९ मध्ये सुरू झालं. पाच वर्षं थांबण्याचा नियम इथेही आहे. सचिन २०१३ ला थांबला आणि २०१९ ला आत गेला. धोनी शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना २०१९ ला खेळला आणि २०२५ ला आत गेला. निकष म्हणून जे आकडे वर्षानुवर्षं सांगितले जातात ते साधारण असे आहेत : फलंदाजाने कसोटीत किंवा वनडेत ८००० धावा आणि २० शतकं करावीत, नाहीतर ५० च्या वर सरासरी ठेवावी. गोलंदाजाने २०० बळी घ्यावेत, तेही ठरावीक स्ट्राइक रेटने.

या चाळणीतून आमची यादी काढू. विराट डोळे झाकून आत जातो. १२३ कसोटी, ९२३० धावा, ३० शतकं, आणि वनडेतली शतकं पन्नासच्या पुढे. रोहितचं मात्र नीट बोलायला हवं, कारण आमच्याकडे त्याच्याविरुद्ध बोललं की वडापावचे पैसे भरावे लागतात. कसोटीत त्याने ६७ सामन्यांत ४३०१ धावा केल्या, सरासरी ४०.५७. एवढ्यावर कोणी त्याला आत घेणार नाही. पण वनडेत ११ हजारांच्या वर धावा, तीन द्विशतकं आणि २०१४ च्या ईडन गार्डन्सवरच्या २६४. त्यात कर्णधार म्हणून २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक आणि २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी. रोहित आत जातो, पण पांढऱ्या चेंडूच्या दारातून. जडेजाची गंमत अशी की कसोटीत ३०० च्या वर बळी आणि ३००० च्या वर धावा असूनही स्ट्राइक रेटच्या कलमात तो अडकतो. कलम चुकीचं आहे, जडेजा नाही. त्यालाही आत घ्या.

आता बुमराह. माझा सगळा मुद्दा याच्यावर उभा आहे.

बुमराहचं नाव आलं तेव्हा आमच्यात एकानेही हरकत घेतली नाही. खरं तर आकड्यांच्या ढिगाऱ्यात तो मोठा नाही. कसोटी पदार्पण उशिरा झालं, जानेवारी २०१८ मध्ये. पाठीच्या दुखण्याने वर्षं खाल्ली. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळला. कुंबळेच्या ६१९ बळींपर्यंत तो पोहोचेल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नाही. तरी सगळे म्हणाले, “तो आत्ता थांबला तरी हॉल ऑफ फेम.” का? कारण डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला त्याने २०० बळी पूर्ण केले तेव्हा त्याची सरासरी २० च्या आत होती. २०० बळी घेतलेल्या जगातल्या दुसऱ्या कोणत्याही गोलंदाजाला तोवर हे जमलं नव्हतं. पेणवाला म्हणाला, “किती मॅच खेळला ते सोड. खेळला तेव्हा काय केलं ते बघ.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते शंभर टक्के मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की स्मृतीचं नाव आलं की हे वाक्य कुठे जातं?

माझ्या “स्मृती”वर पहिला आक्षेप होता : “तिच्या वनडेत आठ हजार तरी झाल्या का? कसोटी खेळली किती?” म्हणजे बुमराहला दर आणि स्मृतीला बेरीज. मी दिवसभर सर्व्हरचे आलेख बघतो. ज्या सर्व्हरकडे तुम्ही ट्रॅफिकच पाठवत नाही, त्याने कमी रिक्वेस्ट हाताळल्या म्हणून त्याला निकामी ठरवलं, तर माझा टीम लीड मला मीटिंगमधून उठवेल. आधी विचारायचं की आल्या किती, मग विचारायचं की हाताळल्या किती. बेरजेखाली छेद लिहिल्याशिवाय तुलना होत नाही.

स्मृतीचा छेद बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये वर्म्सलीला तिने कसोटी पदार्पण केलं. तिथपासून २०२४ अखेरपर्यंत ती ७ कसोटी खेळली. दहा वर्षांत सात. याच दहा वर्षांत भारताच्या पुरुष संघाने शंभराच्या आसपास कसोटी खेळल्या. आणि ती काही बाहेर बसली नव्हती. नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ या काळात भारतीय महिला संघाला एकही कसोटी मिळाली नाही. अठराव्या वर्षी खेळलेली मुलगी पुढची कसोटी खेळायला उतरली तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होती. त्या सात सामन्यांत तिच्या ६२९ धावा आहेत, सरासरी ५७.१८. त्यात ऑस्ट्रेलियात गुलाबी चेंडूवर १२७ आणि चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४९.

गंमत बघा, ‘५० च्या वर सरासरी’ या कलमाने ती या सात कसोट्यांवरच पात्र ठरते. पण मला तिला त्या फटीतून आत न्यायचं नाही. सात सामन्यांची सरासरी नमुना म्हणून लहान आहे, हे कोणताही इंजिनिअर सांगेल. मला तिची वनडे कारकीर्द मांडायची आहे, कारण तिला खेळायला जे मिळालं ते मुख्यतः तेच होतं.

२०१८ आणि २०२१ अशी दोनदा ती आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली. २० सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने ५० चेंडूंत शतक केलं. भारतासाठी वनडेत त्याआधीचं सर्वांत वेगवान शतक विराटचं होतं, ५२ चेंडूंचं. इथे ‘महिलांमध्ये’ असा शब्द मी विसरलेलो नाही, त्याची गरजच नाही. बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्ये एका वर्षात ९७० वनडे धावा केल्या होत्या. तो विक्रम २८ वर्षं टिकला. २०२५ मध्ये स्मृतीने तो मोडला आणि एका कॅलेंडर वर्षात हजार वनडे धावा करणारी ती पहिली महिला ठरली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, माझ्या पनवेलच्या खोलीपासून लोकलने थोड्याच अंतरावर, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक धावा, ४३४, सांगलीच्या या मुलीच्या होत्या.

आता राहिलेले आक्षेप. पहिला, “बाउंड्री जवळ असते, बॉलिंग हळू असते.” खरं आहे. पण ब्रॅडमनने कुठे बुमराह खेळला होता? तरी ९९.९४ पुढे सगळे हात जोडतात. हॉल ऑफ फेममध्ये प्रत्येकाला त्याच्या काळातल्या, त्याच्या समोरच्या खेळाडूंशीच तोललं जातं. दुसरा आक्षेप, “नियम म्हणजे नियम.” तर हॉल ऑफ फेमनेच हे आकडे महिलांसाठी कधीच बाजूला ठेवलेत. २०२३ मध्ये डायना एडुलजी आत गेल्या, पहिल्या भारतीय महिला. २० कसोटींत ६३ बळी. २०२४ मध्ये नीतू डेव्हिड गेल्या. १० कसोटींत ४१ बळी, ९७ वनडेत १४१. दोनशेचा आकडा दोघींपैकी एकीकडेही नाही. त्यांना किती खेळायला मिळालं हे निवड करणाऱ्यांनी बघितलं. नदीकाठच्या आमच्या समितीला तेवढं जमलं नाही.

तिसरा आक्षेप मला थोडा पटतो. “अजून खेळतेय, घाई कशाला?” पाच वर्षांचा नियम चांगला आहे, ताजं प्रेम निवळायला वेळ लागतो. पण मनात आलं की आपण थांबत नाही. १६ मे २०२५ ला वानखेडेवर रोहितच्या नावाच्या स्टँडचं अनावरण झालं, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांच्या स्टँडबरोबर. रोहित तेव्हाही वनडे खेळत होता. मला आनंद झाला, मी स्टेटसही ठेवलं. म्हणजे खेळत असताना मान द्यायला आपली ना नाही. आणि स्मृतीने स्वतः काय मागितलं ते ऐका. तिने आंध्रच्या मंत्र्यांशी बोलताना स्टेडियममधल्या स्टँडना बायकांची नावं का नसतात, हा विषय काढला. १२ ऑक्टोबर २०२५ ला विशाखापट्टणमला मिताली राज स्टँडचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी, त्याच मैदानावर स्मृतीने वनडेतल्या ५००० धावा ओलांडल्या. नाव दुसरीचं मागितलं, बॅट स्वतःची चालवली.

संधी हा शब्द फक्त बायकांसाठी आहे असं समजू नका. मार्च २०२५ मध्ये पद्माकर शिवलकर गेले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी २० च्या आत, आणि कसोटी शून्य, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. शिवलकरांबद्दल बोलताना आमच्यातला प्रत्येक जण हळहळतो. छेद शून्य असलेल्या माणसाचं दुःख आपल्याला कळतं. छेद सात असलेल्या बाईचं कळत नाही, आणि त्याचं कारण गणितात नाही.

ते कुठे आहे, हे मला माझ्या घरात सापडतं. माझी आतेबहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या आळीत टेनिस बॉलवर खेळायचो तेव्हा तिचा बॉल आम्हा कोणालाच कळायचा नाही. सातवीनंतर ती खेळायची थांबली. कोणी भांडलं नाही, कोणी मनाई केली असंही नाही. शाळेत मुलींचा संघ नव्हता आणि आळीत ‘आता मोठी झाली’ एवढं पुरलं. मला त्याच वर्षी नवी बॅट मिळाली. आपल्या जिल्ह्यात गावोगाव टेनिस क्रिकेटचे सामने होतात, बक्षिसात मोटारसायकली असतात, यूट्यूबवर लाइव्ह दिसतं. त्यातले फलंदाज मला नावानिशी माहीत आहेत. ताईने किती जणांना बाद केलं हे कुठेही लिहिलेलं नाही. ती स्मृती झाली असती असा माझा दावा नाही. बहुतेक नसतीच झाली. मीही विराट झालो नाही, पण मला ते मैदानावर कळलं. तिला कळायची संधीच मिळाली नाही.

विश्वचषकाच्या फायनलच्या रात्री ताईने मला व्हॉट्सॲपवर एकच मेसेज पाठवला : “दीप्तीचा बॉल बघितलास?” दीप्ती शर्माने त्या रात्री पाच बळी घेतले होते. मी बघितला होता. पण ताई बघत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्याशी क्रिकेटवर बोललोच नव्हतो.

म्हणून माझी यादी ही अशी. आज थांबले तरी आत : विराट, रोहित, बुमराह, जडेजा, स्मृती मानधना आणि हरमनप्रीत कौर. हरमनप्रीत २०१७ च्या डर्बीतल्या नाबाद १७१ साठी आणि विश्वचषक उचलणारी कर्णधार म्हणून. दीप्ती दारात उभी आहे, अजून दोन वर्षं द्या. पंत आणि गिल यांना थांबू द्या, त्यांना वेळही मिळेल आणि सामनेही. आणि नेरूळच्या त्या स्टेडियमवर स्मृतीच्या नावाचं स्टँड हवं, ती खेळत असतानाच.

यावर भांडायचं असेल तर जरूर भांडा. रोहितला काढा, पंतला घाला, मला चालेल. फक्त बुमराहला जे माप लावाल तेच स्मृतीला लावा. पुढच्या शनिवारी मी ही यादी घेऊन नदीवर जाणार आहे, आणि या वेळी ताईलाही बोलावलंय. पेणहून येते म्हणाली. जडेजाच्या आधी दीप्तीला आत घ्यायला हवं, असं तिचं मत आहे. तिच्याशी कसं भांडायचं ते मला अजून सुचलेलं नाही.