भाव नव्हे, हिशेब विचारा!

शेअरबाजार हा मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरचा व्यवहार, उटनूरच्या माणसाचे त्याच्याशी काय देणेघेणे, असे म्हणण्याचे दिवस आता सरले. देशातील डीमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती. २०२५ मध्ये ती २० कोटींच्या पुढे गेली. त्या खातेदारांत आमच्या सीमाभागातील शिक्षक आहेत, कापसाचे अडते आहेत, किराणा दुकानदार आहेत आणि नुकतेच नोकरीस लागलेले तरुणही आहेत. उटनूर हे अनुसूचित क्षेत्र. येथील जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाऊ नये, असा १९७० चा नियम आहे, आणि तो न्याय्यच आहे. परंतु त्यामुळे चार पैसे शिल्लक पडलेला बाहेरून आलेला पगारदार किंवा दुकानदार येथे जमिनीचा तुकडा घेऊन ठेवू शकत नाही. त्याची बचत सोन्यात जाते, चिटफंडात जाते आणि आता समभागांत जाते. म्हणून चहाच्या टपरीवर चालणारी समभागांची चर्चा ही रिकामटेकड्यांची करमणूक राहिलेली नाही. पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशाची ती चर्चा आहे. ती कोणत्या पायावर चालते, हे तपासणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

२०२४ च्या दिवाळीच्या सुमारास ही चर्चा ओरिएंट सिमेंट या एका लहानशा कंपनीवर येऊन ठेपली, आणि ते स्वाभाविकच होते. तिचा देवापूरचा कारखाना १९८२ पासूनचा. २०१६ साली जिल्ह्याचे तुकडे होण्यापूर्वी देवापूर आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. आज ते मंचिर्याल जिल्ह्यात आहे. दुसरा कारखाना कर्नाटकात चित्तापूरला, आणि सिमेंट दळण्याचा तिसरा महाराष्ट्रात जळगावला. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी अंबुजा सिमेंटने या कंपनीचे ४६.८ टक्के समभाग प्रत्येकी ३९५ रुपये ४० पैसे दराने घेण्याचा करार जाहीर केला. त्याच सुमारास जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे आकडे बाहेर आले. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या मानाने नफा पार आटलेला होता.

झाले! ताबडतोब दोन तट पडले. एक म्हणे, नफा बुडाला, उद्याच विकून मोकळे व्हा. दुसरा म्हणे, पाठीशी अंबुजा उभी आहे, ३९५ चा भाव पदरात पडल्यातच जमा आहे, आकडे पाहतो कोण! दोन्ही पक्ष हिरिरीने भांडले. परंतु कंपनीचे नफातोटा पत्रक उघडून पाहण्याची तसदी किती जणांनी घेतली, हा आमचा साधा प्रश्न आहे.

पहिल्या पक्षाने धंद्याचे स्वरूप ध्यानात घेतले नाही. पावसाळ्यात बांधकामे थंडावतात, म्हणून सिमेंटची ही तिमाही नेहमीच दुबळी असते. अर्थात घट आदल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या मानाने असेल, तर सगळा दोष पावसावर ढकलून चालणार नाही. सिमेंटचा भाव किती उतरला, हेही पाहावे लागेल. समजा, टनामागे विक्री ५,००० रुपये आणि खर्च ४,६०० रुपये आहे. भाव २०० रुपयांनी, म्हणजे शेकडा अवघा ४ ने उतरला, तर ४०० चा नफा २०० वर येतो. भावात चार टक्के, नफ्यात पन्नास! एका तिमाहीचा आकडा पाहून हर्षाने नाचणे किंवा धसका घेणे, दोन्ही सारखेच अविचाराचे आहे. किती टन माल खपला, टनामागे काय पडले, कोळसा आणि वाहतूक यांवर काय गेले, कर्ज किती, हे चार प्रश्न ज्याने विचारले नाहीत, त्याने नफ्याच्या आकड्यावर मत देऊ नये.

दुसऱ्या पक्षाची चूक याहून महागात पडणारी. कंपनीचे २५ टक्के किंवा त्याहून अधिक समभाग घेणाऱ्याने इतर भागधारकांकडूनही आणखी निदान २६ टक्के समभाग घेण्याची तयारी दाखवावी, असा सेबीचा २०११ चा नियम आहे. मात्र निदान २६ टक्के म्हणजे सर्व नव्हे! ४६.८ टक्के वगळता उरतात ५३.२. त्या सर्वांनी समभाग पुढे केले असते, तर शंभरातले जेमतेम एकोणपन्नास घेतले गेले असते. उरलेल्या एकावन्नांस बाजार देईल तो भाव. शिवाय मूळ व्यवहार पुरा व्हायला एप्रिल २०२५ उजाडला. ‘पदरात पडल्यातच जमा’ म्हणणाऱ्यांनी ही त्रैराशिकाची वजाबाकी-भागाकार मांडून पाहिली होती काय?

येथे दोष केवळ भागधारकाचा नाही, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. तिमाहीचे निकाल एका इंग्रजी पत्रात आणि नोंदणीकृत कार्यालय ज्या प्रदेशात असेल त्या प्रदेशाच्या भाषेतील एका पत्रात छापावेत, असा नियम. ओरिएंट सिमेंटचे कार्यालय त्या वेळी भुवनेश्वरला होते. म्हणजे दगड फोडायचा तेलंगणात आणि कर्नाटकात, सिमेंट दळायचे जळगावला, आणि हिशेब मात्र इंग्रजीत व उडियात! उडिया भाषेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु ज्याचा पैसा, त्याला त्याच्या भाषेत हिशेब मिळू नये, ही कोणती रीत? हिशेब कळत नाही, म्हणून माणूस कानगोष्टीवर विसंबतो. आणि कानगोष्टी पिकवणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. १९९२ साली एसीसी या सिमेंट कंपनीचा समभाग हर्षद मेहता यांच्या तेजीत हजारोंच्या घरात गेला, तेव्हाही कारखान्याची किंमत नव्याने मांडण्याचे एक भारदस्त तत्त्वज्ञान लोकांना ऐकवले गेले. तेजी कोसळली, तेव्हा शेवटी घेणारे भरडले गेले.

डिसेंबर २०२५ मध्ये ओरिएंट सिमेंट अंबुजात विलीन करण्याची योजना जाहीर झाली: १०० समभागांस अंबुजाचे ३३. विलीनीकरण हा शब्द या भागात कोणास समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या अटी ज्याने त्याने स्वतः वाचायच्या असतात आणि मत द्यायचे असते, हेही येथे सर्व जाणतात. अशा योजनांवर भागधारकास कायद्याने मत आहे. दहा समभागांचा धनी झाला तरी तो मालक आहे, जुगारी नव्हे. मालकाने भाव काय म्हणून विचारू नये. हिशेब दाखवा म्हणून विचारावे.

म्हणून आमची सूचना अशी: आर्थिक वर्षाची शेवटची तिमाही सोडून प्रत्येक तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत निकाल प्रसिद्ध करणे बाजारात नोंदलेल्या कंपन्यांस बंधनकारक आहे. ज्यांना इंग्रजी येते, अशा आमच्या शिक्षकांनी आणि पदवीधरांनी त्या दिवशी टपरीवर कागद घेऊन बसावे आणि वरचे चार प्रश्न शेजाऱ्यांना मराठीत उलगडून सांगावेत. कंपन्यांकडेही मराठी हिशेबाची मागणी लेखी करावी. वाद खुशाल घाला, कडाडून घाला. पण कागद मध्ये ठेवून घाला!