दृढीकरणानंतर काय? – श्रद्धेचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

2025 च्या पवित्र वर्षात रोमहून आलेल्या दोन बातम्यांचे आपल्याकडे फार वेगवेगळे स्वागत झाले. 7 सप्टेंबर रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी कार्लो अकुतिस आणि पिएर जॉर्जो फ्रासाती ह्या दोघा तरुणांना संतपद बहाल केले. पाठीवर सॅक आणि अंगात टी-शर्ट घातलेल्या कार्लोची छायाचित्रे धर्मशिक्षणाच्या वर्गांत लागली, घराघरांतील मोबाइलवर फिरली. त्यानंतर जेमतेम आठ आठवड्यांनी, 1 नोव्हेंबर रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी पोप महोदयांनी कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन ह्यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजेच ख्रिस्तसभेचे आचार्य, म्हणून घोषित केले. दोन हजार वर्षांच्या इतिहासात हा मान मिळालेले ते केवळ 38 वे. तरीही ही बातमी आली आणि गेली.

ह्याचे कारण उघड आहे. कार्लो पंधराव्या वर्षी वारला, फ्रासाती चोविसाव्या वर्षी, न्यूमन मात्र एकोणनव्वदाव्या. तरुण संताचे चरित्र एका दमात सांगता येते. एकोणनव्वद वर्षे जगलेल्या माणसाचे चरित्र सांगायला बसले की मध्येच वळणे येतात, अपयशे येतात, सांगणाराच थकून जातो. परंतु ह्या दोन घटना एकत्र वाचल्या तर त्यांतून आपल्या धर्मग्रामांच्या जीवनावर नेमके बोट ठेवले जाते, असे मला वाटते.

न्यूमन ह्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की वयाच्या पंधराव्या वर्षी, 1816 साली, त्यांच्या अंतःकरणात श्रद्धेची पहिली मोठी जागृती झाली. कार्लो ज्या वयात देवाघरी गेला, त्या वयात न्यूमन ह्यांची वाटचाल सुरू झाली. पुढे होती चौऱ्याहत्तर वर्षे! त्या वर्षांत काय घडले? ऑक्सफर्डमध्ये त्यांना कीर्ती मिळाली, अनुयायी मिळाले. मग 9 ऑक्टोबर 1845 रोजी, चव्वेचाळीस वर्षांचे असताना, त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि एका दिवसात जुने मित्र, मानमरातब व हक्काचे व्यासपीठ गमावले. डब्लिनमध्ये कॅथलिक विद्यापीठ उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. तीतून त्यांना हवे ते साधले नाही व ते परतले. ज्या ख्रिस्तसभेसाठी सर्वस्व सोडले, तिच्यातीलच काही अधिकारी त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. वयाची साठी जवळ आली तेव्हा आपले आयुष्य वाया गेले की काय, असे वाटावे अशीच सारी परिस्थिती होती. 1864 साली, त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी ‘अपोलोजिया’ हे आत्मकथन लिहिले. पोप लिओ तेरावे ह्यांनी त्यांना कार्डिनल केले ते 1879 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

ह्या माणसाची पंधराव्या वर्षीची श्रद्धा खोटी होती काय? मुळीच नाही. कार्लोचीही नव्हती. त्या मुलाने रोज मिस्सा चुकवली नाही, ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती संकेतस्थळावर मांडली; त्याच्यामुळेच आपण देवाकडे परतलो, असे त्याच्या आईने जाहीरपणे सांगितले आहे. पूर्वार्धातील श्रद्धा उभारणीची असते: शिकावे, धावावे, संघटना बांधाव्या, आपल्या हातांनी देवासाठी काही करून दाखवावे. उत्तरार्धात तोच देव हातातले एकेक काढून घेऊ लागतो. दोन्ही वेळी वाढच होत असते. परंतु पहिली वाढ दिसते आणि दुसरी न दिसल्यामुळे तिला आपण ऱ्हास म्हणतो.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू पेत्राला हेच सांगतो. तरुणपणी तो स्वतः कंबर कसून हवे तिकडे जात असे. म्हातारपणी त्याला आपले हात पुढे करावे लागतील, दुसरा कोणी त्याला बांधील आणि नको असलेल्या ठिकाणी नेईल. ही पेत्राच्या रक्तसाक्षी मरणाची सूचना आहे, हे खरेच. पण पोप फ्रान्सिस ह्यांनी 2022 साली फेब्रुवारी ते ऑगस्ट ह्या काळात वार्धक्यावर जी शिकवणमाला दिली, तिच्यात 22 जून रोजी त्यांनी हा उतारा प्रत्येक वृद्धासाठी वाचला. पंच्याऐंशी वर्षांचे पोप तेव्हा नुकतेच चाकाच्या खुर्चीचा वापर करू लागले होते. पुढे फुप्फुसांच्या गंभीर आजारातून उठल्यावर, 10 एप्रिल 2025 रोजी, ते अचानक संत पेत्राच्या महामंदिरात आले. अंगावर पोपचा पांढरा झगा नाही, खांद्यांवर घोंगडीसारखे पांघरूण, नाकात प्राणवायूची नळी, आणि खुर्ची ढकलणारा दुसराच कोणी. काही लोकांना ते छायाचित्र पोपपदाला अशोभनीय वाटले. मला ते त्या शिकवणीचे शेवटचे पान वाटले. त्यानंतर अकराव्या दिवशी, 21 एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे वळू या. येथे एक कबुली द्यावी लागेल.

काही वर्षांपूर्वी पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला मी नेहमीप्रमाणे निघालो होतो. एका घरी निवृत्त शिक्षक होते. उभी हयात त्यांनी गायनमंडळ सांभाळले, लग्नाआधीच्या शिबिरांत व्याख्याने दिली, धर्मग्रामाच्या समितीवर काम केले. ख्रिस्तप्रसाद घेऊन झाल्यावर त्यांनी सुनेला बाहेर जायला सांगितले आणि हळूच म्हणाले, “फादर, पूर्वी रोझरी हातात घेतली की डोळे भरून यायचे. आता पन्नास वेळा ‘नमो मरिया’ म्हणतो आणि आत काहीसुद्धा हालत नाही. माझी श्रद्धा गेली की काय?” मला पुढे सात घरे घ्यायची होती. “मास्तर, वयोमानाने असे होते, तुम्ही प्रार्थना सोडू नका,” असे म्हणून मी त्यांच्या हातात नोव्हेनाची एक पुस्तिका ठेवली आणि उठलो.

सेमिनरीत सात-आठ वर्षे घालवलेल्या धर्मगुरूचे हे उत्तर! क्रूसाच्या संत योहानाची अंधारी रात्र आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. मदर तेरेसा ह्यांना 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगच्या प्रवासात दुसरी हाक ऐकू आली आणि त्यांचे सेवाकार्य सुरू झाल्यानंतर आतला प्रकाश जवळजवळ मावळला. पुढची कित्येक दशके त्या त्या काळोखातच प्रार्थना करीत राहिल्या. त्यांची पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा, ‘मदरचा देवावर विश्वासच नव्हता काय?’ अशी चर्चा जगभर रंगली. मास्तर विचारीत होते तो प्रश्न हाच. त्यांना उत्तर हवे होते की श्रद्धा गेलेली नाही, गोडवा गेला आहे. आणि गोडव्याविना जपमाळ ओढणारा माणूस देवासाठीच ती ओढतो, स्वतःसाठी नव्हे. साठ वर्षे चर्चमध्ये घालवलेल्या ह्या माणसाला एवढे कोणीच सांगितले नव्हते. आणि सांगायची वेळ आली तेव्हा मी पुस्तिका दिली.

दोष एकट्याचा नाही, रचनेचा आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला वर्ग आहेत, दृढीकरणाला वर्ग आहेत, युवकांना शिबिरे आहेत, विवाहाच्या तयारीचे अभ्यासक्रम आहेत. तेथे आपली शिदोरी संपते. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे माणसाने चौदाव्या-पंधराव्या वर्षी मिळालेल्या उत्तरांवर काढायची असतात. अर्धांगवायू झालेल्या पत्नीची शुश्रूषा करताना, दुबईला किंवा कॅनडाला गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहताना ही उत्तरे अपुरी पडली, तर नवल ते काय? वस्तुतः 1971 साली रोमने काढलेल्या धर्मशिक्षणाच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेतच म्हटले होते की प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे प्रमुख रूप मानावे. 2020 च्या नव्या मार्गदर्शिकेत वृद्धांच्या धर्मशिक्षणाला स्वतंत्र जागा आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ उलटला, तरी आपल्याकडे धर्मशिक्षण म्हटले की मुलांचा गलकाच डोळ्यांसमोर येतो.

हा प्रश्न लहान राहणारही नाही. 2011 च्या जनगणनेत साठीपुढील भारतीय 10 कोटींच्या थोडे वर, म्हणजे 8.6 टक्के होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या 2023 च्या अहवालानुसार 2050 पर्यंत त्यांचे प्रमाण 20.8 टक्के, संख्येने सुमारे 34.7 कोटी होईल. ज्या धर्मग्रामांतून तरुण परदेशी जातात, तेथे मिस्सेच्या बाकांवर हे चित्र आजच दिसते.

अमेरिकेतील फ्रान्सिस्कन धर्मगुरू रिचर्ड रोर ह्यांनी 2011 साली ‘फॉलिंग अपवर्ड’ ह्या पुस्तकात आयुष्याच्या दोन अर्धांचा विचार मांडला. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग ह्यांच्याकडून त्यांनी ही कल्पना घेतली आहे. ते वाचून आमच्यापैकी काही जण नियम, संस्कार, पाठांतर ह्यांना जणू बालवाडी समजू लागले. ते मला मान्य नाही. भांडेच घडले नाही तर रिते काय करणार? शिवाय वयाचा हिशेब देव आपल्या पंचांगाप्रमाणे करीत नाही. लिझ्यूची संत तेरेज चोविसाव्या वर्षी गेली, पण 1896 च्या पुनरुत्थान सणापासून शेवटपर्यंत ती ज्या काळोखातून चालली तो काळोख उत्तरार्धातलाच होता. उलट, सत्तरी गाठलेले किती तरी जण अजून पूर्वार्धातच अडकलेले आपण पाहतो. वीस वर्षे समितीचे पद न सोडणारे, गायनमंडळात नव्या मुलाला पेटीला हात लावू न देणारे! आम्हा धर्मगुरूंना तर हसायला जागाच नाही. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने पंचाहत्तरी पूर्ण झाली की राजीनामा सादर करावा, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 538 वे कलम सांगते. कागद सादर करणे सोपे असते. मन सादर करायला आणखी काही वर्षे लागतात.

सोडून देणे म्हणजे केवळ पद सोडणे नव्हे. आपल्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला तशी घराघरांत वाटणीची भांडणे शिरली. एकाच आळीत राहणारे, एकाच मिस्सेला येणारे, बांधावरून वीस-वीस वर्षे न बोलणारे सख्खे भाऊ मला ठाऊक आहेत. तैलाभ्यंगासाठी बोलावणे येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आजाऱ्याला वाचा नसते आणि भाऊ अंगणात उभा असतो, आत यावे की नाही ह्या विचारात. क्षमा हे उत्तरार्धाचे मोठे काम आहे. ते करायला शुद्ध हवी, वेळ हवा आणि कोणी तरी हात धरणारा हवा. म्हणून हा विषय मृत्युशय्येपर्यंत लांबवता येणार नाही. साठीतच काढला पाहिजे.

उत्तरार्ध वांझ असतो, असे मात्र कोणी समजू नये. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले तेव्हा तिशीत होते. साष्टीच्या गावांत साडेतीन दशके लोकांत राहून, त्यांची भाषा आपलीशी करून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली राचोलला छापून झाले तेव्हा ते पासष्टी ओलांडून गेले होते. तीन वर्षांनी त्यांचे देहावसान झाले. मराठीतील आपल्या श्रद्धेचा पहिला मोठा ग्रंथ हे एका म्हाताऱ्या धर्मगुरूच्या हातचे दान आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी 2021 साली सुरू केलेला आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. 2025 च्या संदेशात पोप लिओ ह्यांनी धर्मग्रामांना एकाकी वृद्धांच्या नियमित भेटी घेण्याचे आवाहन केले. भेटी व्हायलाच हव्यात. परंतु आपल्याकडे त्या दिवशी बहुधा शाल, श्रीफळ, अल्पोपाहार आणि मुलांचे एखादे नृत्य होते; वृद्धांनी टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचे. त्यांच्या प्रार्थनेचे काय चालले आहे, हे विचारायला त्या कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते.

मास्तरांकडे मी पुढच्या पहिल्या शुक्रवारी शेवटी गेलो, म्हणजे मागे घाई राहणार नाही. तासभर बसलो. मदर तेरेसांच्या पत्रांविषयी बोललो, आणि माझीही जपमाळ अलीकडे बऱ्याचदा कोरडीच जाते, हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “हे आधी सांगायचे ना, फादर!” त्या वर्षी दृढीकरणाच्या मुलांना आम्ही पाच-पाचच्या गटांनी त्यांच्या घरी पाठवले. त्यांनी मुलांना काही शिकवावे, अशी अपेक्षा नव्हती; फक्त मुलांनी विचारायचे, की तुम्ही अजून प्रार्थना का करता. एका मुलीने परत आल्यावर मला विचारले, “फादर, मास्तरांना काहीच वाटत नाही, तरी ते रोज करतात. असे का?” दृढीकरणाच्या वर्गात एवढा चांगला प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. त्या दिवशीचा ठरलेला धडा मी बाजूला ठेवला.