युद्ध हवं असेल तर आधी खडकी पाहून या

22 एप्रिल 2025 ला पहलगाममध्ये 26 निरपराध माणसं मारली गेली. त्यांत आपल्या पुण्याचे दोघे होते. मारेकऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, यात ‘पण’ नाही. दीनाचं नाव घेऊन निःशस्त्र माणसावर गोळी झाडणारा माझा कुणी लागत नाही.

माझं भांडण आहे ते मोबाइलवर ‘एकदाचं उरकून टाका’ लिहिणाऱ्यांशी. युद्ध पाहायला सीमेवर कशाला जायला हवं? खडकी पुरे. तिथं 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी शिपायांसाठी 1917 मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आता तिथंच आहे, आणि शंभर वर्षांनंतरही तिला विद्यार्थी मिळतात! मणक्याला मार बसून चाकाच्या खुर्चीत आलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्रही तिथलंच. शिवाय दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी. उरकलं कुठं?

7 मेला पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात पूंछच्या मदरशातला एक शिक्षक गेला. माझ्याच पेशाचा माणूस. आपल्या काही वाहिन्यांनी त्याला अतिरेकी ठरवून टाकलं. शेवटी पोलिसांना खुलासा करावा लागला. घरच्यांनी आधी मय्यत उचलायची की पुरावे गोळा करायचे?

10 मेला तोफा थांबल्या, बरं झालं. पण पूंछच्या पडलेल्या घरांची पुरेशी भरपाई, त्या शिक्षकाच्या बदनामीचा जाब आणि पहलगामच्या सूत्रधारांना न्यायालयात शिक्षा, एवढं होईपर्यंत मी तिला शांतता म्हणणार नाही.