थोबाडीत मारली नाही म्हणून संघर्ष नाही?



परवाच्या कथावाचनात माझी गोष्ट पडली. पडली म्हणजे आपल्याच पोरांनी पाडली. गोष्ट लग्नाची. नवरा सूतगिरणीत रिंग फ्रेमवर, बायको बालवाडीत मदतनीस. तो दारू पीत नाही, हात उचलत नाही. फक्त तिच्या पगाराचं पासबुक आपल्या पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवतो. ती एकदा मागते. तो हसून म्हणतो, ‘तुला काय कमी पडलं?’ ती पुन्हा मागत नाही. भाकर थापते, डबा भरते. बोलणं बंद. एवढीच गोष्ट.

एक कार्यकर्ता उठला आन म्हणाला, ‘यात संघर्ष कुठाय? एक थोबाडीतसुद्धा नाही. ही तर पांढरपेशांची दिवाणखान्यातली कथा!’ टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांना हे उत्तर.

संघर्ष म्हणजे काय रे? दोन माणसांच्या दोन इच्छा, आन त्यातली एकच जगणार हे आधीच ठरलेलं घर. मारहाण हा त्याचा एक प्रकार झाला. मालक आपल्याला रोज मारतो काय? हजेरी त्याच्या हातात असते, तेवढं पुरतं. १९२७ साली महाडच्या तळ्यावर आपली माणसं गेली ती पाणी अडवलं म्हणून. पाणी अडवणाऱ्याच्या हातात काठी असो नसो, तिथं तुम्हाला संघर्ष दिसतो. मग चुलीपाशी डोळे का मिटता?

केट शोपिन नावाच्या अमेरिकन बाईची एक कथा आहे, १८९४ सालची. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. नवरा रेल्वे अपघातात मेल्याची बातमी बायकोला कळते. ती रडते, खोलीत जाते, खिडकीशी बसते आन हळूहळू तिला कळतं की आपण सुटलो. नवरा वाईट नव्हता. प्रेम करायचा. पण प्रेमानंही एक माणूस आपली मर्जी दुसऱ्यावर लादतो, हे तिला त्या तासाभरात दिसतं. मग नवरा जिवंत घरी येतो आन ती जागीच मरते. डॉक्टर म्हणतात, आनंदानं गेली! कुणी कुणाला बोट लावलेलं नाही. तरी एवढा मोठा झगडा मी फार थोड्या कथांत वाचला.

आपल्याला हे अमेरिकेतून शिकायची गरज नव्हती. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, की नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभ्या राहा, गुलाम होऊ नका. ‘मार खाऊ नका’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागं हिंदू कोड बिल रखडल्याचं कारण होतं. त्या बिलात घटस्फोट होता, मुलीचा वारसा होता. म्हणजे हक्काचा प्रश्न. सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची पाच कर्तव्यं आहेत, त्यातलं एक घरातला अधिकार बायकोच्या हाती देणं. लग्नात आपण पांढरे कपडे घालून मान डोलावतो. घरी आल्यावर पेटीला कुलूप!

दारुडा, मारकुटा नवरा लिहायला सोपा आहे. तो खराही आहे, त्याला लिहाच. पण तेवढाच लिहिला की ऐकणारा सुटतो. छातीवर हात ठेवून म्हणतो, ‘मी असा नाही बुवा.’ माझ्या गोष्टीतला नवरा मोर्चात येतो, वर्गणी देतो, निळा झेंडा खांद्यावर घेतो. तो तुमच्यासारखा दिसला म्हणून तुम्हाला संघर्ष दिसला नाही. आरशात जखम शोधायची सवय नाही आपल्याला.

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, अबोला लिहा. उपाशी झोपलेली बाई लिहा. ‘तुला काय कळतंय’ हे वाक्य लिहा, हसत म्हटलेलं. आन तिला नुसती रडवू नका. ती काय करते ते लिहा.

आता शेवटचं. पासबुक खरं आहे. पेटी माझी आहे. कथावाचनाच्या रात्री घरी आलो, कुलूप काढलं, पासबुक तिच्यापुढं ठेवलं. मला वाटलं, खूश होईल. तिनं हात पुसले, पानं उलटली, काढलेल्या प्रत्येक रकमेवर बोट ठेवलं आन विचारलं, ‘हे कशाला काढले? आन हे?’

मी तिसऱ्या पाळीला निघून गेलो. उत्तर अजून दिलेलं नाही.

सांगा, संघर्ष कुठाय?