आधी पायाकडं बघतात



सध्या पांढरपेशांच्या तोंडी एक नवं रडगाणं आहे. विमानाची शान गेली म्हणे. पूर्वी लोक कोट-टाय घालून विमानात बसायचे, आता कोणीही हाफपँटीत येतो, स्लिपरा फटफटवत चढतो, विमानतळाचा पार एस.टी. स्टँड झाला. हे रडगाणं गाणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे : शान गेली म्हणजे नेमकं काय गेलं? कोट गेला, की कोटवाल्यांचा मक्ता गेला?

कोणी म्हणेल, बेकारी आहे, अत्याचार आहेत, ते सोडून बाळापूरच्या पोरांना विमानातल्या कपड्यांची उठाठेव कशाला? अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी असून प्रवाशांचं रोजचं विमान नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुटायला 2025 चा एप्रिल उजाडला. सगळं खरं. पण ज्यांनी काय नेसावं, काय पांघरावं याचा हुकूम शास्त्रानं काढला होता, त्यांनी कपड्याचा प्रश्न किरकोळ समजू नये. आणि ज्या वऱ्हाडाचा कापूस गाठी बांधून मँचेस्टरपर्यंत गेला, त्या वऱ्हाडात कापूस वेचणारीच्या अंगावर काय होतं, हेही विसरू नये.

आधी इतिहास सरळ करून घेऊ. सुरुवातीच्या उघड्या विमानांत चामड्याचा कोट, कानटोपी आणि मोठा चष्मा लागायचा. ती शान नव्हती, वर थंडी होती, वारा होता. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला विमान आणलं, त्यात टपाल होतं. टपालाच्या थैलीला कोणी कपडे विचारले नाहीत. 8 जून 1948 ला एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाली. पस्तीस प्रवासी. त्यांत राजघराण्यातली माणसं. त्या काळात कोट घाला असा फलक लावायची गरजच नव्हती. तिकिटाची किंमत हाच दारवान होता. कोट नसलेला माणूस दारापर्यंत पोचतच नव्हता, मग त्याला अडवणार कोण?

पुढं भाडं उतरलं. अमेरिकेत 1978 च्या कायद्यानं भाड्यावरची सरकारी पकड सुटत गेली. आपल्याकडं 2003 साली एअर डेक्कन आली, तिनं काही तिकिटं एक रुपयाला विकली. गर्दी वाढली आणि कोट उतरला. कोट उतरवला तो आधी वरच्यांनीच. बाजूला बसलेला कारकूनही कोट घालायला लागला, तेव्हा कोटाचं काम संपलं. मग त्यांनी गुडघ्यावर फाटलेली जीन्स काढली. फाटकं आमच्या अंगावर असलं की दारिद्र्य, त्यांच्या अंगावर असलं की फॅशन. हा फरक कापडात नसतो, बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

मी पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा मित्राचा उसना कोट घातला होता. मे महिना, अंगाची लाही लाही. निघताना वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं बजावलं होतं, “पोरा, चांगले कपडे घालून जाय. तेथं आपल्याले कोनी वळखत नाही, कपड्यालेच वळखते.” विमानतळाच्या दारात माझ्यापुढचा गडी बरमुडा आणि रबरी चपलेत. दारावरच्यानं त्याचा कागद बघितला न बघितला, सोडून दिला. माझी पाळी आली. नजर बुटापासून निघाली, गळ्यापर्यंत आली, मग तिकीट, मग परत बूट. “पहिली बार?” कोट होता, टाय होता, इस्त्री होती, तरी त्यानं ओळखलं. म्हणजे नियम कपड्यांचा नव्हताच. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातला दाढी-टोपीवाला दोस्त आखाताच्या कामावर निघतो, तेव्हा त्याला हीच नजर दुप्पट भोगावी लागते.

ही नजर कधी कधी थेट कागदावर उतरते. दहावी न झालेल्या मजुराच्या पासपोर्टावर परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी लागेल असा शेरा असतो. जानेवारी 2018 मध्ये सरकारनं जाहीर केलं की अशांना नारिंगी पासपोर्ट देऊ, बाकीच्यांचा निळाच. म्हणजे रांगेत उभा राहिला की लांबूनच कळावं, हा कमी शिकलेला, हा मजूर. गळ्यातल्या मडक्याला नवा रंग! ओरड झाली आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला बेत मागं घेतला. ओरड झाली म्हणून घेतला, हे ध्यानात ठेवा.

फेब्रुवारी 2024 मध्ये बंगळूरच्या मेट्रोत एका शेतकऱ्याला तिकीट असताना मळक्या कपड्यांवरून अडवलं. सोबतचे प्रवासी भांडले, तेव्हा तो आत गेला आणि अडवणाऱ्याची नोकरी गेली. एका अमेरिकी विमान कंपनीनं 2019 साली जमैकात एका काळ्या डॉक्टर बाईला तिच्या कपड्यांवरून विमानातून बाहेर बोलावलं आणि अंगावर ब्लँकेट घ्यायला लावलं. ती डॉक्टर होती, तिकीट तिच्या नावाचं होतं. तिथं कातडी, इथं जात. डोळा एकच.

आता त्या घोषणेबद्दल. 2017 च्या एप्रिलात सिमल्याला उडान योजनेचं पहिलं विमान सुटलं, तेव्हा पंतप्रधान म्हणाले की हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात दिसला पाहिजे. टाळ्या पडल्या. स्वस्त विमान मिळत असेल तर मला हवंच आहे. पण माणसाचं नाव सोडून त्याला चपलेनं का ओळखता? सुटाबुटातल्याला कोणी ‘बूटवाला प्रवासी’ म्हणत नाही. आम्ही तिकीट काढून बसतो, कोणाच्या मेहरबानीनं नाही.

इथं आपल्यातलंही एक भांडण मिटवलं पाहिजे. पुण्या-मुंबईत शिकणारी आपली पोरं टी-शर्टात विमानात चढतात आणि बापाच्या कडक इस्त्रीला हसतात. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर परदेशी निघालेल्या लेकीला निरोप द्यायला आई नवं लुगडं नेसून येते, तर लेकीला लाज वाटते. अरे, ती इस्त्री साहेबाची नक्कल नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं की जात सांगणारं नेसणं सोडा, कथलाचे दागिने फेका. चांडाळानं मेलेल्याची वस्त्रं घालावीत असं सांगणारी मनुस्मृती त्याच परिषदेत जाळली. 11 ऑक्टोबर 1956 ला ते दिल्लीहून विमानानं नागपूरला आले आणि 14 तारखेला शुभ्र वस्त्रांत दीक्षा घेतली. समोर लाखो माणसं, तीही पांढऱ्या कपड्यांत. बाबासाहेबांचा सूट आणि तुझ्या आजीची पांढरी साडी एकाच लढ्यातली आहेत. मनाई केलेला कपडा हक्कानं अंगावर घेणं, हा तो लढा. नागपूरच्या विमानतळाला आज बाबासाहेबांचं नाव आहे. देशभरच्या दारांतली नजर बदलायची बाकी आहे.

मग काय घालायचं? जे तुला बरं वाटेल ते. विमानात कपड्याला एकच खरा निकष आहे, जिवाचा. आणीबाणीत घसरगुंडीवरून उतरताना उंच टाचांचे बूट काढायला लावतात. नायलॉनसारखं कापड आगीत वितळून अंगाला चिकटतं. पायात घट्ट बसणारं काहीतरी असावं. हे कारण जात विचारत नाही, म्हणून ते मला मान्य आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं 2017 मध्ये दांडगाई करणाऱ्या प्रवाशांच्या तीन पायऱ्या ठरवल्या : शिवीगाळ, मारहाण, आणि विमान धोक्यात घालणं. त्या तीन पायऱ्यांत मळका सदरा नाही, रबरी चप्पलही नाही.

म्हणून कोणी कपड्यांवरून अडवलं तर मान खाली घालू नका, हातघाईवरही येऊ नका. शांतपणे म्हणा, नियम दाखवा, लेखी द्या, तुमचं नाव सांगा. आणि रांगेत दुसऱ्या कोणाला अडवलं, तो आपल्या जातीचा नसला तरी, त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. बंगळुरात तो शेतकरी आत गेला तो नियमानं नाही, बाजूला उभ्या राहिलेल्या चार माणसांमुळं.

बापाला इस्त्री करू द्या. तुम्ही टी-शर्ट घाला. दोघंही एकाच रांगेत ताठ उभे राहा. बघणाऱ्याला बघायचंच असेल, तर त्यानं तिकीट बघावं.