परमुलखातला मास्तर

परदेशी जाणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विमान, मोठा पगार आणि हार घेऊन जमलेले पाहुणेरावळे उभे राहतात. परंतु पगारासाठी नव्हे, तर केवळ शिकवण्यासाठी परक्या देशात जाऊन राहणारी माणसेही जगात आहेत. अनोळखी गावात दोन वर्षे राहायचे, तिथले खायचे, तिथल्या शाळेत शिकवायचे आणि राहण्याजेवण्यापुरता भत्ता घ्यायचा, असा हा प्रकार आहे. घरी मी हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, "आपल्या गावात मास्तर टिकत न्हाई, अन् ह्यांना एवढ्या लांब करमतं कसं गं?"

आईचा प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच शिक्षणाविषयी बरेच काही बोलावेसे वाटू लागले.

अमेरिकेत १ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' म्हणजे शांतिदलाची स्थापना केली. त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली तुकडी भारतात आली आणि १९७६ साली इथले काम थांबले. शीतयुद्धाच्या काळात निघालेल्या ह्या संस्थेमागे अमेरिकेचा स्वतःचा हेतू होताच. तो मान्य करूनही तिची एक रीत मला घेण्यासारखी वाटते. निवड झालेल्या माणसाला ती लगेच फळ्यासमोर उभे करीत नाही. आधी सुमारे तीन महिने प्रशिक्षण होते. आता ते बहुतेक ठिकाणी त्याच देशात, एखाद्या घरी राहून घ्यावे लागते आणि त्यात भाषेला मोठे स्थान असते. म्हणजे काय होते? पदवी घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पाणीसुद्धा मागता येत नाही. त्या घरातले पाच वर्षांचे पोर त्याची चूक दुरुस्त करते आणि खुदकन हसते. बाजारात, एस.टी.त, जेवायला बसल्यावर तो अडाणी ठरतो. माझ्या मते ह्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा धडा हाच असावा. न कळणाऱ्या भाषेत दिवसभर बसून राहणे म्हणजे काय, हे त्या मास्तराला वर्गात जाण्यापूर्वीच कळलेले असते.

ह्याच शांतिदलातून लिलियन कार्टर ह्या बाई १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या. पुढे त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले. लिलियनबाई परिचारिका होत्या, शिक्षिका नव्हत्या. पण मराठीचे धडे त्यांनाही गिरवावे लागले. नातवंडांना गोष्टी सांगण्याच्या वयात बाराखडी हाती घ्यायची, ह्याला नम्रता लागते. त्यांनी घरी पाठवलेली पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

पण आपल्याला विक्रोळीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. शिरूरहून निघालेला रस्ता घोड नदी ओलांडून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जातो. त्या नगरला १८३९ साली सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई येऊन राहिल्या. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या होत्या. आल्या धर्मप्रसारासाठी, हे खरेच. पण आयुष्य गेले मुलींना शिकवण्यात. १८६२ साली नगरलाच त्यांचे निधन झाले. जोतीराव फुले यांनी नगरची त्यांची शाळा पाहिली होती आणि तिचा ठसा मनावर उमटल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. आज माझ्यासारखी मुलगी हा लेख लिहिते आहे, त्याचा एक धागा ह्या नगरच्या रस्त्यावरून गेलेला आहे.

दुसरा धागा दौंडच्या बाजूचा. दौंडहून बारामतीमार्गे फलटणला जाता येते. तिथे १९६६ साली मॅक्सीन बर्नसन ह्या अमेरिकन बाई येऊन राहिल्या. त्याआधी हैदराबादला त्यांनी इंग्रजी शिकवले होते. फलटणला त्या आल्या मराठीचा अभ्यास करायला. कोणत्या जातीची, कोणत्या थरातली माणसे मराठी कशी बोलतात, ह्यावर त्यांनी संशोधन केले आणि १९७३ साली डॉक्टरेट मिळवली. जई निंबकर यांच्यासह त्यांनी मराठीचे संदर्भ-व्याकरणही लिहिले. पदवी हाती आल्यावर त्या निघून गेल्या नाहीत. भारताचे नागरिकत्व घेतले, दलित वस्तीतल्या शाळेबाहेरच्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या. त्या कामातून प्रगत शिक्षण संस्था वाढली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकन! मुले बर्नसनबाईंना 'मॅक्सीनमावशी' म्हणू लागली. परक्या मुलखात करमते कसे, ह्या माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर त्या हाकेत आहे. आधी बारा वर्षे लोकांची बोली कान देऊन ऐकली, मग शिकवले, म्हणून त्या मावशी झाल्या.

आता उलट बाजू पाहू. आमच्या शाळेत 'आनि', 'पानी', 'व्हय' म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसे आणि हसणाऱ्यांत कधीकधी मास्तरही असत. ते मास्तर आमच्याच तालुक्यातले होते. भूगोलाने आमचे, पण मनाने किती दूरचे! त्या हसण्यानंतर काही मुले वर्गात बोलेनाशी झाली. घरी आई बोलते ती भाषा अशुद्ध, म्हणजे आईच अशुद्ध, असाच अर्थ मुलाच्या मनात उतरतो. कोणी म्हणेल, मग काय प्रमाण मराठी शिकवायचीच नाही? शिकवायलाच हवी. अर्ज, परीक्षा, कोर्टकचेरी त्याच भाषेत चालते आणि तिच्यावर आमचाही हक्क आहे. माझे म्हणणे एवढेच की पूल बांधायला सुरुवात मुलाच्या काठापासून करावी. आणि त्यासाठी तो काठ मास्तराने आधी पाहिलेला असावा.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेच जण उद्या बी.एड. किंवा डी.एड. करणार आहेत. मी माझ्या घरातली पहिली कॉलेजात आलेली आणि मलाही शिक्षिकाच व्हायचे आहे. नेमणूक नंदुरबारला झाली तर मुले भिली बोलतील, मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया. दौंड-शिरूरच्या मास्तराला तो परदेशच. पारपत्र लागत नाही एवढाच फरक! अन् खरे तर इतक्या दूर तरी कशाला? ऊसतोडीच्या हंगामात आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या कारखान्यांच्या परिसरात बीडकडच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुले कोप्यांत भावंडे सांभाळत बसतात. रांजणगावच्या कारखान्यांमुळे बिहार-उत्तर प्रदेशातली कुटुंबे आली आहेत आणि त्यांची मुले मराठी शाळेत मुकी होऊन बसतात. परदेश आपल्या दाराशी येऊन उतरला आहे.

२०१५ साली बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, प्रत्यक्ष शाळेत काम करण्याचे आठवडेही वाढले. ही चांगलीच गोष्ट. पण ते आठवडे बहुधा सोयीच्या, जवळच्या शाळेत जातात. त्यांतला एक महिना तरी भावी शिक्षकाने अशा वस्तीत काढावा, जिथे त्याची भाषा चालत नाही. तिथे त्याने पाठ घेऊ नयेत, टाचणे काढू नयेत, फक्त शिकावे.

सरकार हे करील तेव्हा करील. आपल्या हाती राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आहे. ग्रामसफाई आणि प्रभातफेरी आपण दरवर्षी करतो. येत्या हिवाळ्यात एक शिबिर कोप्यांच्या वस्तीजवळ घ्यावे, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. प्रत्येकाने एक वही घ्यावी आणि त्या मुलांकडून पन्नास शब्द शिकून लिहावेत: कोयत्याच्या भागांची नावे, उसाच्या मोळीचे शब्द, खेळांतल्या आरोळ्या. चुकलो तर त्यांनी हसावे, आपण हसू द्यावे. मग शेवटच्या दोन संध्याकाळी, त्याच शब्दांतून अक्षरे काढून, आपण त्यांना वाचायला शिकवावे. सात दिवसांत साक्षरता येणार नाही, हे मलाही कळते. पण शिबिरातल्या पन्नास मुलामुलींपैकी पाच जण जरी पुढे शिक्षक झाले, तरी 'व्हय' म्हणणाऱ्या मुलाला हसणारे पाच मास्तर कमी होतील.