पोच कुणी द्यायची?

कुरुळीत डॉक म्हटलं की समुद्र नसतो, बोट नसते. पुणे-नाशिक रस्त्याच्या अंगाला गोडाऊनं आहेत, गोडाऊनला धक्के आहेत. धक्क्याला कंटेनर उलटा लागतो आणि आम्ही माल खाली करतो. इथला कायदा साधा. माल मोजला, चलनावर सही-शिक्का मारला, की माल पोचला. सही नसेल तर माल डोळ्यांपुढे असला तरी पोचलेला नाही. त्या एका सहीसाठी ड्रायव्हर रात्र-रात्र गाडीखाली झोपतात.

आमच्या खोलीत सध्या अशीच एक बिनसहीची गाडी उभी आहे. नांदेडकडचा पोरगा. बी.ए.चं पहिलं वर्ष पास झाला, दोन्ही सत्रं, एकही विषय मागं नाही. मग घरात कर्जाचा बोजा पडला आणि तो चाकणला आला. दिवसा कंपनीत, रात्री खोलीत पुस्तक. आता त्याला दुसरं वर्ष इथल्या एका कॉलेजात करायचंय. मार्कशीटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीवर तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा ऐकलं, "साहेब नाहीत." दुसऱ्यांदा, "तुमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेगळा." तिसऱ्यांदा मी सोबत होतो. खिडकीतून आवाज आला, "पहिल्यापासून करा ना. एका वर्षानं काय बिघडतं?"

काय बिघडतं? हिशेब करू. सरकारच्या २०२३ च्या क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास. वर्षाला ४० क्रेडिटं. म्हणजे १२०० तास. आमची पाळी बारा तासांची. म्हणजे शंभर पाळ्या! ठेकेदारानं आपल्या शंभर हजेऱ्या खाल्ल्या तर आपण गप्प बसू का? गेटवर जाऊन बसू. मग कॉलेजची खिडकी शंभर पाळ्या गिळते तेव्हा आपण मान खाली घालून बाहेर का येतो? कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, की शिक्षण म्हणजे कुणीतरी दिलेलं दान. दान नाही. ती आपली मजुरी आहे, घाम गाळून कमावलेली.

मी मॅट्रिक. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण मला चलन वाचता येतं. म्हणून हे नवं चलन वाचून काढलं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटांची बँक सांगितली. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं तिचे नियम काढले. विद्यार्थ्यानं कमावलेली क्रेडिटं त्याच्या नावावर जमा राहतील, एका विद्यापीठातली दुसऱ्यात नेता येतील, साधारण सात वर्षं चालतील. ऐकायला झकास! पण बारीक अक्षर वाचा. विद्यार्थ्याला स्वतः काहीच जमा करता येत नाही, फक्त कॉलेज किंवा विद्यापीठच जमा करू शकतं. त्यांनी केलं नाही तर तुमचं खातं कोरं. शिवाय २०२१ च्या नियमांत अशी अट, की जी संस्था पदवी देणार तिच्याकडूनच निदान निम्मी क्रेडिटं मिळवावी लागतील. तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटांची धरा. ८० घेऊन गेलात तर ६० मोजतील, २० वाऱ्यावर. जितकं जास्त शिकून निघाल तितकं जास्त रस्त्यात सांडेल.

आता दारं मोजा. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. बाहेर पडायला दारंच दारं! ह्या दारांतून कोण बाहेर पडणार? ज्याच्या बापाची पेन्शन आहे तो? की ज्याच्या घरी सावकार येऊन बसलाय तो? आणि त्या प्रमाणपत्रासाठीसुद्धा सुट्टीत चार क्रेडिटांचा आणखी एक व्यवसाय-अभ्यासक्रम करावा लागतो. जो पोटासाठी पळाला त्याला कसली सुट्टी? परत यायचं तर तीन वर्षांत या, असं आयोगाचा २०२२ चा आराखडा सांगतो. बहिणीचं लग्न, आईचं आजारपण, ठेकेदारानं बुडवलेला पगार, ह्या सगळ्याला तीन वर्षं.

शिक्षण अर्ध्यावर सोडून पोटामागं जाण्याची पाळी बाबासाहेबांवरही आली होती. कोलंबियातून ते १९१६ साली लंडनला गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परत फिरावं लागलं. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं येत होतं. महायुद्ध चालू होतं, ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. सामान समुद्रात गेलं. पण लंडन विद्यापीठातली त्यांची नोंद बुडाली नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढं चालू करायची परवानगी त्यांनी निघण्यापूर्वीच मिळवली होती. मुंबईत सिडनॅममध्ये शिकवून पैसे साठवले, मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० साली ते परत जाऊन उभे राहिले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. दोस्तांनो, आपण त्यांची जिद्द सांगतो, ते बरोबरच. पण त्या परवानगीची गोष्ट कधी सांगत नाही. जिद्द माणसाची असते, नोंद संस्थेनं ठेवायची असते. नोंद नसती तर जिद्दीला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं केलं असतं.

विद्यापीठवाले म्हणतील, अभ्यासक्रम खरंच वेगळे असतात, दर्जा सांभाळायचा असतो. मान्य. सांभाळा. पण धक्क्यावर दोन नग कमी आले तर आम्ही चलनावर "दोन नग कमी" लिहितो आणि बाकीचा माल उतरवून घेतो. अख्खी गाडी नांदेडला परत पाठवत नाही. सहातले चार पेपर जुळले तर चारांची पोच द्या, दोन करून घ्या. कुठला पेपर का जुळत नाही ते कागदावर लिहा.

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नका. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमाल आज ह्या पेढीवर, उद्या त्या गोदामात. मालक बदलतो. पण नोंदलेल्या हमालाची मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी मंडळात एका जागी जमा होते. का होते? मालकाचं मन मोठं म्हणून नाही. अण्णासाहेब पाटलांच्या मागं हमाल उभे राहिले आणि मालकानं पैसे मंडळात भरलेच पाहिजेत असं कायद्यात लिहून घेतलं म्हणून. क्रेडिटांच्या बँकेत नेमका हाच 'च' नाही. जमा करायची सोय आहे, स्वीकारायची सक्ती नाही. सक्तीशिवायची बँक म्हणजे रिकाम्या डब्यावर लावलेलं कुलूप. (इथल्या धक्क्यांवरच्या कित्येकांची माथाडी म्हणूनही नोंद नाही. ती लढाई वेगळी, तीही सोडलेली नाही.)

तोवर काय करायचं? कॉलेज सोडण्याआधी मोबाईलवर आपलं क्रेडिटचं खातं उघडा आणि प्रत्येक सत्राची क्रेडिटं दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर तिथंच अर्ज द्या, गाव सोडल्यावर कुणी विचारणार नाही. अभ्यासक्रमाची प्रत कॉलेजच्या शिक्क्यासह घ्या. मार्कशीट, दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र सांभाळा. नव्या कॉलेजात तोंडी काही विचारू नका. अर्ज लिहा, आवक क्रमांक घ्या, कुठले पेपर धरणार आणि कुठले नाही ते लेखी मागा. उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहे, सरकारी विद्यापीठाला ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कामकऱ्यांसाठी उघडं आहे. तिथंही पैसे भरण्याआधी हेच लेखी विचारा. आणि पुन्हा पहिल्या वर्षाला बसायच्या आधी समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन शिष्यवृत्तीचं विचारा. एकाच पायरीवर दुसऱ्यांदा उभं राहिलात तर ती अडकू शकते.

आमची मागणी एवढीच. स्वीकारायची सक्ती करा. नाकारायचं तर पेपरवार, लेखी आणि ठरल्या मुदतीत नाकारा. परत येण्याची तीन वर्षांची अट काढा.

सोमवारी आम्ही पुन्हा त्या खिडकीवर जाणार आहोत. या वेळी अर्ज घेऊन. आणि दोघं नाही, अख्खी चाळ. माल आमचा आहे, मोजून आणलाय. पोच घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही.